पासोडीवरचा ग्रंथ

इतिहासाच्या तासाला युरोपातील प्रबोधनकाळ आला, की लिओनार्दो, मायकेलअँजेलो, गॅलिलिओ ही नावे फळ्यावर येतात. मग एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, तेव्हा आपल्याकडे काय चालले होते?" त्याला बहुधा दोन ठरावीक उत्तरे मिळतात : 'काहीच नाही' किंवा 'आपल्याकडे सगळे आधीच होते'. दोन्हींमुळे मुलाचा विचार तिथेच थांबतो. नांदेड-लातूरच्या शिक्षकांना तिसरे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, ते कापडावर लिहिलेले आहे.

दासोपंत (१५५१-१६१५) हे अंबाजोगाईचे दत्तभक्त संतकवी, गॅलिलिओहून तेरा वर्षांनी मोठे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे पांघरूण. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा पासोडीवर त्यांनी 'पंचीकरण' ओव्यांत लिहिले आणि सोबत आकृत्या काढल्या.

पंचीकरण म्हणजे काय? पृथ्वी, आप, तेज, वायू व आकाश या पाच सूक्ष्म भुतांपासून दिसणारे जग कसे बनले, याची ही वेदान्तातील मांडणी. प्रत्येक भुताचे दोन समान भाग करायचे. एक अर्धा तसाच ठेवायचा; दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून ते उरलेल्या चार भुतांना एकेक वाटायचे. म्हणजे स्थूल पृथ्वीत १/२ पृथ्वी आणि इतर चौघांचा प्रत्येकी १/८ वाटा. बेरीज करून पाहा : १/२ + ४ × १/८ = १. अशी वाटणी नुसती ऐकून ध्यानात राहणे कठीण. आकृती पाहिली की ती चटकन कळते.

हे रसायनशास्त्र आहे काय? नाही. हा १/८ वाटा कोणी तराजूत तोलला नव्हता, आणि तोलून पाहण्याचा हेतूही नव्हता. पण त्याच काळी युरोपच्या विद्यापीठांतही पृथ्वी, पाणी, वायू व अग्नी ही चार मूलतत्त्वेच शिकवली जात. रॉबर्ट बॉइलने त्यांवर सडकून टीका केली ती १६६१ साली. तेव्हा केवळ आशय पाहून दोन्हींकडचे अंतर नीट कळत नाही. ग्रंथ कशावर लिहिला आणि किती हातांत गेला, हेही पाहायला हवे.

व्हेसॅलियसचा शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ १५४३ साली छापला गेला. लाकडी ठशांमुळे एकच चित्र अनेक गावच्या वैद्यांसमोर जसेच्या तसे आले. त्यामुळे 'अमुक पानावरचे हे हाड चुकले आहे' असे दूरवरचा माणूसही म्हणू शकला. पासोडी मात्र एकच. ती पाहायची तर तिच्यापाशीच जायला हवे.

छपाई आपल्या देशात नव्हती असेही नाही. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली तेथे उतरला. त्याने मराठी शिकून ओवीतच 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली, म्हणजे दासोपंतांच्या निधनानंतर अवघ्या वर्षाने, राचोल येथे छापले गेले. पण देवनागरीचे खिळे नसल्याने रोमन लिपीत. म्हणजे ओवी छापली गेली, पण मराठी वाचकाच्या लिपीत नव्हे. गंमत अशी, की त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एकुलती एक पासोडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपल्यामुळे टिकली.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पंचीकरणाची आकृती एका मुलाला काढायला सांगा. दुसऱ्याने पहिल्याची, तिसऱ्याने दुसऱ्याची, अशा दहा नकला क्रमाने करू द्या. मग पहिली व दहावी शेजारी ठेवा. चूक कुठे शिरली, हे मुलेच शोधतील. छपाईने काय बदलले, हे सांगायला मग वेगळे व्याख्यान लागणार नाही. आणि पुढची सहल अंबाजोगाईला न्यायची झाली, तर काय पाहायचे हे मुलांना आधीच ठाऊक असेल.