सामूहिक माध्यमकृती आणि इंग्रजीचे अध्यापन : केडगाव परिसराच्या संदर्भात

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच सुरू होतो. दहावी उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदरी अशा रीतीने दहा वर्षांचे इंग्रजी पडते. तथापि हाच विद्यार्थी अकरावीत विज्ञानशाखेकडे वळला म्हणजे, जेथे पाठ्यपुस्तके व व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत असतात तेथे, मूक होऊन बसतो. त्याला शब्द येत नाहीत असे नव्हे. आपल्याजवळची एखादी गोष्ट ती ठाऊक नसलेल्या माणसाला इंग्रजीतून सांगण्याचा प्रसंगच त्याच्यावर आलेला नसतो. ध्वनिवार्ता, छायाचित्रकथा, लघुपट, भित्तिपत्र यांसारख्या माध्यमकृती विद्यार्थ्यांच्या गटांकडून करवून घेण्याची पद्धती हा प्रसंग निर्माण करते. तिचे महत्त्व मुख्यतः एवढ्यातच आहे.

कल्पना नवी नाही. विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्पपद्धतीवरील आपला निबंध १९१८ साली प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात खेड्यातील शाळेत छोटे मुद्रणयंत्र आणले आणि मुलांनी लिहिलेला मजकूर मुलांकडूनच छापून घेतला. परभाषेच्या अध्यापनात मात्र या विचाराला भाषाशास्त्रीय आधार पुष्कळ उशिरा मिळाला. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषी मुलांना वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही ती भाषा व्याकरणदृष्ट्या नीट बोलता येत नाही, असे मेरिल स्वेन यांना आढळले. ऐकताना अर्थ लागला की काम भागते, रूपाकडे लक्ष द्यावेच लागत नाही. ते बोलताना आणि लिहिताना द्यावे लागते, असा त्यांच्या १९८५ मधील प्रतिपादनाचा आशय होता. पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेची ‘वुई लर्न इंग्लिश’ ही रेडिओमालिका मुलांना ऐकता ऐकता उत्तर द्यावयास लावते. पण तेथेही कार्यक्रम करणारा दुसराच असतो. माध्यमकृतीत विद्यार्थी श्रोत्याच्या जागेवरून उठून निर्मात्याच्या जागी येतो.

केडगाव हे अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) लागून असलेले पुणे रस्त्यावरील उपनगर होय. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे प्रसिद्धी पावलेले केडगाव ते हे नव्हे. ते पुणे जिल्ह्यात आहे. येथे रेणुकामातेचे देवस्थान आहे, शेजारी नेप्तीला कांद्याचा मोठा बाजार भरतो, आणि ज्या किल्ल्यात १९४४ साली पंडित नेहरूंनी आपला भारतविषयक ग्रंथ इंग्रजीतून लिहिला तो काही मैलांवरच आहे. किल्ला हा विषय शिक्षकांना प्रथम सुचतो. पण त्याविषयीचा तयार इंग्रजी मजकूर सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे विद्यार्थी तो उतरवून काढतात. कांद्याच्या लिलावाविषयी असा मजकूर सहसा हाती लागत नाही. म्हणून भाषाशिक्षणाच्या दृष्टीने लिलावच अधिक फलदायी.

नववीच्या पाच विद्यार्थ्यांच्या गटाने नेप्तीच्या लिलावावर तीन मिनिटांची इंग्रजी ध्वनिवार्ता करावयाची, असे समजू. पहिल्याच वाक्यात ‘शेतकरी’ हा शब्द येणार. मराठीला उपपद नाही. ‘शेतकरी गोण्या घेऊन आला’ एवढे म्हटले की पुरते. इंग्रजीत श्रोत्याला अद्याप अपरिचित असलेल्या शेतकऱ्यापूर्वी ‘अ’ आणि दुसऱ्या वाक्यात तोच शेतकरी पुन्हा आला म्हणजे ‘द’ लावावे लागते. व्याकरणाच्या पुस्तकातील सुट्या वाक्यांत ही निवड केवळ नियम म्हणून भेटते, कारण तेथे दुसरे वाक्यच नसते. सलग कथनात मात्र ‘कोणता शेतकरी?’ हा श्रोत्याचा प्रश्न खरा असतो. क्रियापदाचेही तसेच. ‘शेतकऱ्याने कांदे विकले’, ‘शेतकऱ्याने गाडी विकली’ या मराठी वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते दोन्हीकडे एकच राहते. मालाची निवड, वजन, बोली, हिशोब हा क्रम सांगताना कर्मणी रचना आपोआप हवी होते, कारण वजन कोणी केले यापेक्षा वजन झाले हे महत्त्वाचे असते. आणि ध्वनिमुद्रण स्वतःच ऐकल्यावर शब्दांवरील आघाताचा दोष कानाला जाणवतो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे तो एरवी लक्षातही येत नाही. शिक्षकाने दाखविलेली चूक विद्यार्थी विसरतो, स्वतःच्या आवाजातली सहसा विसरत नाही.

या पद्धतीवर सर्वांत गंभीर आक्षेप भारतातूनच आलेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्यात कृतींना प्राधान्य होते. परंतु गटकार्य त्यांनी हेतुतः टाळले. कच्ची भाषा असलेली मुले एकमेकांशी बोलत राहिली तर एकमेकांची कच्ची भाषाच पक्की करतील, अशी त्यांची भीती होती. उलट १९८५ साली मायकेल लाँग व पॅट्रिशिया पोर्टर यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, गटात बोलताना विद्यार्थी वर्गात बोलण्यापेक्षा अधिक चुका करीत नाहीत, असे मत मांडले. मात्र त्या आढाव्यातील अनेक अभ्यास भिन्नभाषिक विद्यार्थ्यांचे होते. केडगावच्या वर्गात बहुतेक सर्वांना मराठी येते, त्यामुळे प्रभूंची शंका येथे सहज बाजूला सारता येणार नाही. येथे गट इंग्रजीत चुकत बोलण्यापेक्षा सरळ मराठीत बोलू लागतो.

याला दोष मानण्याचे कारण नाही. कोणाला काय विचारावे, कोणता आवाज आधी घ्यावा, ही चर्चा मराठीत झाली तर ती सखोल होते. बाजारातील मुलाखतीही मराठीतच होणार. इंग्रजीचा आग्रह मसुदा व निवेदन यांपुरता धरावा, आणि मुद्रणापूर्वी मसुदा शिक्षकाने गटासमोर बसून तपासावा. प्रभूंच्या शंकेला व्यवहारात उत्तर मिळते ते याच टप्प्यावर, कारण गटाची भाषा शिक्षकाच्या हाताखालून गेल्याखेरीज पक्की होत नाही.

खरा धोका दुसराच आहे, आणि शिक्षकांच्या तो लवकर ध्यानात येत नाही. पाचांपैकी ज्या एकाला इंग्रजी बरे येते तो सगळा मसुदा लिहितो. दुसरा भ्रमणध्वनी धरतो, तिसरा छायाचित्रे काढतो, आणि ज्याच्या घरी कोणीच शिकलेले नाही तो सामान वाहतो. कृती उत्तम होते, गुण सर्वांना सारखे मिळतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो होता तेथेच राहतो. यासाठी निवेदनाचे पाच भाग करून प्रत्येकाने आपला भाग स्वतः लिहावा व स्वतःच्याच आवाजात मुद्रित करावा. कृती वर्गात ऐकविल्यानंतर शिक्षकाने प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर एक प्रश्न इंग्रजीत विचारावा, आणि निम्मे गुण त्या उत्तरासाठी राखून ठेवावेत. गटाला एक भ्रमणध्वनी पुरतो. वेळ मात्र आठवड्याच्या दोन तासिका धरून पाच-सहा आठवडे लागतो, म्हणून सहामाही परीक्षेनंतरचे सत्र यास सोयीचे.