वहीची मागची पाने

गेल्या वर्षीची गोष्ट. अकोल्याच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत होता आणि बोटांनी बाकावर ठेका धरत होता. आम्ही वही काढून घेतली. "रॅप लिख रहा था सर," तो म्हणाला. वर्ग हसला. आम्हीही चार शब्द सुनावले.

संध्याकाळी बडनेऱ्याला परतताना गाडीत ती वही उघडली. नळाची वाट पाहत रात्र जागणारी अम्मी, डाळ-मिलमध्ये पोती उचलून पाठ धरलेले अब्बू, पावसाळ्यात दाराशी येणारे मोर्णेचे पाणी. सारे उर्दू-वऱ्हाडी मिसळलेल्या घरच्या बोलीत. 'माझी आई' हा निबंध पाच ओळींत आटोपणाऱ्या मुलाने तिच्यावर दोन पाने भरली होती. काफिया मात्र कुठे चुकला नव्हता.

मुलांना हे बळ आले कुठून? मुंबईच्या कुर्ल्यातील नावेद शेख, म्हणजेच नेझी, याने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणे घरच्या आयपॅडच्या मदतीने तयार केले. ना स्टुडिओ, ना कंपनी. चित्रीकरणही आपल्याच वस्तीत. २०१५ मध्ये अंधेरीच्या विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइनसोबत त्याचे 'मेरे गली में' आले. या वेळी पाठीशी सोनी म्युझिक ही मोठी कंपनी होती. तोवर हिंदीत गाजणारे रॅप बहुधा गाड्या, पार्ट्या आणि पैशांचे. या गाण्याने गल्लीच मध्यभागी आणली.

पुढे बाजारही गल्लीत आला. या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन झोया अख्तर यांनी 'गली बॉय' काढला. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी आलेल्या या चित्रपटात 'मेरे गली में' नव्या रूपात होते, नायक धारावीतला मुराद होता, आणि मुलाच्या नादाला विरोध करणारा बापही होता. चित्रपटाने कोट्यवधींचा गल्ला जमवला, १३ फिल्मफेअर पारितोषिके मिळवली आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेला. डिव्हाइनने स्वतःची 'गली गँग' कंपनी उभारली. पुण्याच्या वस्तीतून आलेला एमसी स्टॅन २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकला.

आपला वऱ्हाडही मागे नाही. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर नावातल्या 'सौ'ऐवजी १०० चा आकडा लिहितो. २०२३ मध्ये तो 'एमटीव्ही हसल'च्या मंचावर दिसला. जात, गरिबी, शेतकऱ्याचे दुःख हे त्याच्या रॅपचे विषय. मुंबईची बोली उसनी न घेताही ऐकणारे मिळतात, हे आमच्या मुलांनी त्याच्याकडे पाहून जाणले.

पालकसभेला त्या मुलाची अम्मी आली. वही तिच्यासमोर ठेवली. तिने थेट विचारले, "सर, इससे पेट भरता क्या?"

खरे उत्तर द्यायला हवे होते. बहुतेकांचे भरत नाही. एखादे गाणे चालते, शेकडो तसेच विरून जातात. चालले तरी पैसा कोणाकडे जाईल हे कागदावर ठरते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीवरचा हक्क भक्कम केला, पण हे किती घरांत ठाऊक आहे? १८ वर्षांखालील मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, हेही सांगावे लागते. म्हणून कोणी कागद पुढे केला तर तो आधी वडिलांनी आणि जाणकार वकिलाने वाचावा. दहावी-बारावी तर सोडायचीच नाही.

दुसरी काळजी शिवीगाळीची. ती खरी आहे. अनेक गाण्यांत शिव्या आहेत, बाईमाणसाबद्दल हलके बोल आहेत. संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, प्रत्येक घराची आपली मर्यादा आहे, आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण मर्यादा घालण्यापूर्वी पोराने लिहिले काय, हे एकदा वाचावे. ज्या वऱ्हाडात आपले आजोबा मुशायऱ्यात पहाट करत, तिथल्या मुलाच्या कानात वजन आणि काफिया असणारच. तो वजन ओळखतो आहे. शब्दांची अदब शिकवणे आपल्याकडे आहे. वही हिसकावून ती शिकवता येत नाही. आम्ही हिसकावली होती, म्हणून सांगतो.

अम्मीने ती दोन पाने तिथेच बसून वाचली. पाण्याच्या ओळीपाशी थांबली. "ये तो मेरी बात लिखा," एवढेच म्हणाली आणि वही पदराखाली धरून घरी घेऊन गेली.

आता दर शनिवारी तो मुलगा मागची पाने स्वतः दाखवतो. शिवी आली तर आम्ही लाल रेघ मारतो आणि दुसरा शब्द शोधायला सांगतो. तो शोधतो. निबंधही आता पाच ओळींत संपत नाही.