बटाट्याचे 63 पैसे

2023-24 साली भारतात सुमारे 5 कोटी 70 लाख टन बटाटा निघाला. पन्नास किलोच्या गोण्या भरल्या तर त्या 114 कोटी होतात. वीस-वीस टनांचे ट्रक भरले तर साडेअठ्ठावीस लाख. दहा मीटर लांबीचे हे ट्रक एकामागे एक खेटून उभे केले, तर रांग 28,500 किलोमीटरची होईल. विषुववृत्ताचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग त्यात येतो.

उत्तर आणि पूर्व भारतात यातला बराचसा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम निघतो, आणि खायचा असतो वर्षभर. म्हणून आग्रा, फर्रुखाबाद, हुगळी या पट्ट्यांत शीतगृहांची दाटी आहे. आग्र्याची गोणी सुमारे 1,200 किलोमीटर येऊन वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात उतरते.

रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले 37 पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले 63 पैसे दलालच खातो, हे मला पटत नाही. बारदान, हमाली, तोलाई, अडत, शीतगृहाचं आणि ट्रकचं भाडं, सुकून-सडून गेलेलं वजन, सगळं त्यातूनच जातं. दिवसाला पन्नास किलो विकणाऱ्या हातगाडीवाल्याला किलोमागे पाच रुपये सुटले, तरी संध्याकाळी हातात अडीचशेच येतात. वीस टन हलवणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला मात्र किलोला पन्नास पैसे पुरतात. त्याचे 10,000 होतात.

खरी गोम पुढे आहे. मधले बहुतेक खर्च गोणीवर ठरतात, भावावर नाही. समजा, किरकोळ भाव 30 रुपये. त्यातले 11 शेतकऱ्याचे, 19 वाटेतले. पीक वाढलं आणि भाव 22 वर आला. स्वस्त झाला म्हणून आपण काही दुप्पट बटाटा खात नाही. हमाल आणि ट्रकवाला तेवढेच घेणार, म्हणजे शेतकऱ्याला उरले 3. आपल्यासाठी बटाटा पाव हिश्शाने उतरला, त्याचं उत्पन्न जवळजवळ तीन चतुर्थांश गेलं. देशाची सरासरी एकरी साधारण 100 क्विंटल. म्हणजे किलोमागच्या या आठ रुपयांनी एका एकराला 80,000 रुपयांचा फटका बसतो, आणि बेणं, खत, पाणी, मजुरी यांवरचा पैसा तोवर खर्च होऊन गेलेला असतो.