लघवीतलं हेरॉइन किती काळ दिसतं?

हेरॉइन शरीरात गेलं की काही मिनिटांतच त्याचं रूप पालटतं. आधी ६-एमएएम, मग मॉर्फिन. यातलं ६-एमएएम हा हेरॉइनचा पक्का पुरावा, पण तो लघवीत काही तासच, फार तर दिवसभर सापडतो. मॉर्फिन दोन-तीन दिवस दिसतं. मात्र ते दवाखान्यातल्या इंजेक्शनचंही असू शकतं आणि खसखशीचंही. अनारशावरच्या खसखशीला हसू नका: अमेरिकेत याच कारणाने १९९८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाचणीची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली.

फेंटानिल या कृत्रिम ओपिऑइडचं गणित निराळं. एखाद्याच वेळी घेतलं तर साधारण दोन-तीन दिवस. रोज घेणाऱ्याच्या चरबीत मात्र ते साठतं आणि हळूहळू रक्तात उतरत राहतं. २०२० मधल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात फेंटानिल सरासरी ७ दिवस आणि त्यापासून बनणारं नॉरफेंटानिल १३ दिवस सापडलं. एकाच्या बाबतीत तर २६ दिवस. तेव्हा उपचार घेणाऱ्याला नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून ‘पुन्हा घेतलंस ना?’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

आणि भेसळ? झायलाझिन हे जनावरांना गुंगी आणणारं औषध अमेरिकेत फेंटानिलमध्ये मिसळतात. ते शरीरातून लवकर निघून जातं, शिवाय ते ओपिऑइड नसल्याने ओपिएटच्या (म्हणजे मॉर्फिनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या) चाचणी-पट्टीवर उमटतच नाही. खरं तर त्या पट्टीला फेंटानिल, मेथाडोन, ट्रॅमाडॉलही सहसा कळत नाहीत. प्रत्येकाची चाचणी वेगळी सांगावी लागते.