लेंकुरवाळा शिपाई

गेल्या वैशाखांत कांहीं कामानिमित्त आम्हांस मुंबईस जावें लागलें, आणि करी रोड येथें आमच्याकडील एका गृहस्थाच्या बिऱ्हाडीं दोन रात्रींचा मुक्काम पडला. ह्या स्टेशनाची एक गोष्ट आमच्या वाचकांपैकीं सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं. ता. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं जवळच्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर त्या ठिकाणीं, करी रोडला व आंबिवलीस पादचारी पूल उभारण्याचें काम सरकारनें लष्कराकडे सोंपविलें, आणि हे तीनही पूल ता. २७ फेब्रुवारी २०१८ रोजीं लोकांस खुले झाले. गिरणगांवास लष्कराचें दर्शन असें घडलें. परंतु गिरणगांव व लष्कर यांचें नातें त्याहून पुष्कळ जुनें आहे, कारण दोहोंस माणसें पुरविलीं तीं आमच्याच खेड्यांनीं.

घाटावरील व कोंकणांतील किती तरी घरांत एक मुलगा नांगरावर, एक गिरणींत व एक पलटणींत अशी वांटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. करी रोड-लालबागच्या एकेका खोलींत एकाच गांवचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीनें निजत, खानावळींत जेवीत, आणि महिन्याअखेर गांवीं मनिऑर्डर धाडीत. ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, व आज त्या जागीं गगनास भिडणारे मनोरे दिसतात. पलटणीची वाट मात्र मोडलेली नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जवान कामास आले. तेव्हां बाप दूर आणि लेंकरें घरीं, ही रीति आम्हांस नवीन नाहीं. नवें एवढेंच आहे कीं, पूर्वीं घरांत चुलते, चुलत्या, आज्या असत व एक माणूस उठून गेलें तरी घर उभें राही. आतां पुष्कळ घरांत दोन म्हातारीं, एक सून व एक मूल एवढाच परिवार उरला आहे. ह्या फरकाचा विचार न करतां भरतीच्या मैदानावर जाणें धोक्याचें, हें सांगण्यासाठीं हा लेख.

आमच्या यजमानांकडे त्यांचा पुतण्या राहतो. वय वर्षें २७. एका खासगी कचेरींत नोकरी. गांवीं चार एकर जमीन, तींत निम्मा ऊंस. घरीं साठी उलटलेले वडील, आई, बायको व दोन वर्षांची मुलगी. पहांटे पांच वाजतां हा गडी धांवावयास बाहेर पडे. दुसऱ्या रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें आम्हांस विचारिलें, “काका, छत्रीवाल्या पलटणींत जायचंच असं ठरवलंय. पण बाप झालेल्या माणसानं जावं का?” प्रश्न सरळ होता, उत्तर तितकें सरळ नव्हतें.

प्रथम कायद्याचें दार पाहूं. इ. स. २०२२ सालीं सुरू झालेल्या अग्निपथ योजनेंत साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या अविवाहितांसच प्रवेश ठेवण्यांत आला. म्हणजे तें दार ह्या तरुणास वयानें व संसारानें अशा दोन्ही बाजूंनीं बंद. दुसरें दार प्रादेशिक सेनेचें. ही सेना ता. ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें स्थापन झाली. आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून देशसेवा करूं इच्छिणाऱ्या १८ ते ४२ वर्षांच्या नागरिकांसाठीं ती आहे, आणि तिच्यांत छत्रीधारी पलटणीही आहेत. त्यांपैकीं ११६ वी आमच्याच नाशिक जिल्ह्यांत देवळाली येथली. परंतु हा सुटीच्या दिवसाचा खेळ आहे असें कोणीं समजूं नये. मे २०२५ मध्यें सीमेवर ताण वाढला तेव्हां प्रादेशिक सेनेच्या ३२ पायदळ पलटणींपैकीं १४ पलटणी कामावर बोलाविण्याचा अधिकार सरकारनें सरसेनापतींस दिला. बोलावणें आलें म्हणजे ऊंस तोडणीस आला आहे ही सबब तेथें चालत नाहीं.

छत्रीवाल्यांचें एवढें आकर्षण कां, तेंही सांगितलें पाहिजे, कारण त्या इतिहासांत आमचा वांटा मोठा आहे. दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत असतां रायगड जिल्ह्यांतील पळसगांवच्या यशवंत घाडगे यांनीं ता. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत एकट्यानें शत्रूच्या ठाण्यावर चाल केली, तें काबीज केलें व तेथेंच देह ठेविला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तीच पलटण पुढें छत्रीधारी झाली. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण ह्या नांवानें ती ता. ११ डिसेंबर १९७१ रोजीं पूर्व बंगालांतील टांगाईल येथें विमानांतून उतरली, व आज ती स्पेशल फोर्सेस म्हणजे विशेष दलांत मोडते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या २१ व्या पलटणीचेंही १९९६ सालीं असेंच विशेष दलांत रूपांतर झालें. ह्या दलांत कोणास हुकुमानें घालीत नाहींत. जो तो आपण होऊन येतो. मग कांहीं महिन्यांची उमेदवारी, पाठीवर ओझें घेऊन दिवसरात्र चाल, अपुरी झोंप. ‘मी परत जातों’ असें कोणत्याही घटकेस म्हणण्याची मोकळीक, आणि बहुतेकांची गळती. आग्र्याच्या शाळेंत पांच उड्या, त्यांतील एक रात्रीची, पार पडल्या म्हणजे छातीवर पंख लागतात.

शरीराच्या तयारीविषयीं आम्ही थोडक्यांत सांगतों. अग्निवीर भरतींत पूर्ण गुणांसाठीं १६०० मीटर धांव साडेपांच मिनिटांत, आडव्या दांडीवर दहा पुल-अप्स, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणें व अरुंद फळीवरून तोल सांभाळून चालणें अशीं मापें ठेविलेलीं होतीं. प्रत्येक भरतीचीं मापें जाहिरातींत पाहावीं. परंतु सरावास हीं मापें चांगलीं. सत्ताविशीच्या माणसानें एकदम जोर करूं नये. पडीक जमीन पहिल्याच वर्षीं खोल नांगरली तर ढेंकळें निघतात. तसेंच गुडघ्यांचें होतें. सहा महिने नियमित धांवल्यास शरीर वळणावर येतें. घर वळणावर येण्यास किती काळ लागतो, हाच खरा प्रश्न. व त्यासाठीं साताऱ्याकडचें एक उदाहरण आम्हीं त्या तरुणापुढें ठेविलें.

सातारा तालुक्यांतील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे साताऱ्याच्या सैनिकी शाळेचे विद्यार्थी. २१ व्या विशेष दलांतून पुढें ते राष्ट्रीय रायफल्सच्या ४१ व्या पलटणीचे प्रमुख झाले. ता. १७ नोव्हेंबर २०१५ रोजीं काश्मिरांत कुपवाड्याच्या जंगलांत अतिरेक्यांशीं लढतांना त्यांस वीरमरण आलें. मरणोत्तर शौर्यचक्र मिळालें. मागें पत्नी स्वाती व दोन लहान मुलें. अंत्यसंस्काराच्या दुःखांतच ह्या बाईंनीं आपण सैन्यांत जाणार असें बोलून दाखविलें. असे शब्द दुःखाच्या भरांत पुष्कळ जण बोलतात. ते पाळण्याची वाट मात्र लांब असते. त्यांचें वय नियमापलीकडे गेलें होतें. तेव्हां सरसेनापति दलबीरसिंग सुहाग यांनीं शिफारस केली व संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनीं सवलत दिली. सवलत मिळाली ती वयाची; परीक्षेंत व कवायतींत सवलत नव्हती. निवड मंडळाच्या पांच दिवसांच्या चाचण्या त्यांनीं पार केल्या. मुलांस वसतिगृहाच्या शाळांत ठेविलें. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनींत, आपल्याहून दहा-बारा वर्षांनीं लहान मुलींच्या बरोबरीनें, त्यांनीं सुमारें अकरा महिने काढिले, आणि ता. ९ सप्टेंबर २०१७ रोजीं त्या लेफ्टनंट झाल्या. नेमणूक झाली ती लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरमध्यें, म्हणजे शस्त्रें व सामान पुरविणाऱ्या विभागांत.

मुंबईजवळील मीरा रोडच्या कनिका राणे यांचेंही तसेंच. त्यांचे पति मेजर कौस्तुभ राणे ता. ७ ऑगस्ट २०१८ रोजीं गुरेझ भागांत धारातीर्थीं पडले तेव्हां मुलगा अवघा दोन-अडीच वर्षांचा होता. कनिकाबाईंनीं त्याच चेन्नईच्या प्रबोधिनींत शिक्षण पुरें करून नोव्हेंबर २०२० मध्यें लेफ्टनंटपद मिळविलें. ज्या वयांत लेंकरूं आईचा पदर सोडीत नाहीं त्या वयांत तिनें त्यास दुसऱ्याच्या कडेवर दिलें. त्या कडेस कोणीं पदक लाविलें नाहीं. पण त्या कडेवांचून तें पद मिळालें नसतें.

ह्या दोन गोष्टींतून आम्ही जो बोध घेतों तो असा. लेंकुरवाळ्या माणसाच्या तयारींत धांव व दंड हा लहान भाग. मोठा भाग म्हणजे आपली रिकामी होणारी जागा कोण भरणार हें नांवनिशीवार ठरविणें. “होईल कांहीं तरी” म्हणून पेरणी करणाऱ्यास आम्ही शहाणा म्हणत नाहीं. मग पोरांच्या बाबतींत तरी कां म्हणावें? मुलास ताप आला तर दवाखान्यांत कोण नेणार? शाळेंत नांव घालतांना सही कोणाची? बाप कोठें आहे असें मुलानें विचारलें तर घरांत सर्वांनीं एकच व खरें उत्तर द्यावें. बाजारास गेला आहे असें सांगून निघून जाणारा बाप परत येतो तेव्हां लेंकरूं त्याच्या जवळ येत नाहीं, हें गिरणींत गेलेल्यांच्या घरांनीं पुरेपूर पाहिलें आहे.

जमिनीची तजवीज वेगळी व ती लेखी. सामाईक सातबारा असेल तर भावांशीं आधींच बोलून नोंदी सरळ कराव्या. कर्ज, विमा, पीकपाहणी यांसाठीं घरच्या माणसास नोंदलेलें कुलमुखत्यारपत्र द्यावें. २०२१ पासून पीकपाहणी मोबाइलवरून नोंदवावी लागते. ती बायकोस येते कीं नाहीं हें जाण्यापूर्वीं पाहावें. बँकेंत वारसाचें नांव लाविलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. असें नांव पैसे उचलण्यापुरतें असतें, हक्क वारसाकायद्यानें किंवा मृत्युपत्रानें ठरतो. मृत्युपत्र करणें अशुभ मानूं नये. विशेष वा युद्धाच्या परिस्थितींत नोकरीवर असलेल्या शिपायाच्या गैरहजेरींत दिवाणी दावा पुढें ढकलण्याची तरतूद १९२५ च्या एका जुन्या कायद्यांत आहे, ती घरच्यांस ठाऊक असावी. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता भिंतीवर लिहून ठेवावा.

हें सर्व ऐकून तो तरुण बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बायकोनं एकच विचारलं होतं. आठवडाभर रात्रीची वीज असते तेव्हां उसाच्या पाण्याला मोटर चालू करायला कोण जाणार? आबांना रात्रीचं दिसत नाही. मी म्हटलं, बघूं.” आम्हीं त्यास सांगितलें कीं, तुझ्या सगळ्या परीक्षेंतील पहिला प्रश्न तोच, आणि त्यांत तूं अजून नापास आहेस.

हा लेख लिहीत असतां त्याचा टेलिफोन आला. तो आठ दिवस गांवीं राहून आला होता. रात्रपाळीचें पाणी मेव्हण्यानें पाहावें व त्याबद्दल उसाच्या उत्पन्नांत ठराविक हिस्सा घ्यावा असें ठरून कागद झाला. अर्धा एकर ऊंस मोडून ज्वारी घ्यावयाची, म्हणजे भार कमी. आणि विहिरीवर एकट्या बाईनें जाऊं नये असें सर्वांच्या देखत वडिलांनीं सांगितलें. बायको राजी आहे काय, असें आम्हीं विचारलें. “रडली,” तो म्हणाला, “पण मोबाइलवर पीकपाहणी शिकून घेतली.” ‘पुढची देवळालीची भरती निघाली कीं जातों,’ असें म्हणून त्यानें धांवेचीं मिनिटेंही सांगितलीं. तीं आम्हीं टिपून ठेविलीं नाहींत. मेव्हण्याशीं झालेल्या कराराची मुदत किती वर्षांची आहे, एवढें मात्र पुन्हां विचारून घेतलें.