पेशींचे ब्रेक आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

जालन्याच्या मैत्रिणींनो, हे वाचा आणि घरातल्या बायकांनाही वाचून दाखवा.

दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर नव्यानं वाढतं. इस्ट्रोजेनचा इशारा मिळाला की सायक्लिन प्रथिनं पेशींना विभाजनाला लावतात. या वाढीला ब्रेकही आहेत. आरबी जनुकाचं प्रथिन पेशीला विभाजनाआधी थोपवतं. पी५३ हे प्रथिन डीएनए बिघडलेली पेशी थांबवतं, नाहीतर संपवतं.

एचपीव्ही विषाणू गर्भाशयमुखात नेमके हेच ब्रेक निकामी करतो. त्याचं ई७ प्रथिन आरबीला अडकवतं, ई६ पी५३ नष्ट करवतं. बहुतेकदा शरीर या विषाणूला हुसकावतं. तो वर्षानुवर्षं टिकला, तर कर्करोगाचा धोका वाढतो.

उपाय आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच मराठवाड्यातला! तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. २००९ चा निष्कर्ष : एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

तिशी ओलांडली असेल, तर त्रास नसतानाही सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाच्या तपासणीची चौकशी करा. ९ ते १४ वयाच्या मुलींच्या एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. लाजू नका, थांबू नका.

#एचपीव्ही #जालना #महिलाआरोग्य