१.३२ ते १.७९ : लंडन कसे भरत गेले

रेषेची मिती १, सपाट पृष्ठभागाची २. १८२० सालच्या लंडनची मिती भरली १.३२ आणि १९३९ साली ती १.७९ झाली. मायकेल बॅटी आणि पॉल लॉन्गली यांनी शहराच्या वाढीच्या नकाशांवरून मोजलेले हे आकडे त्यांच्या १९९४ च्या ‘फ्रॅक्टल सिटीज’ या ग्रंथात आहेत.

या आकड्यांचा अर्थ असा. शहराच्या मध्यावर कंपास ठेवून एक वर्तुळ काढा, त्यातली बांधकामाखालची जमीन मोजा. मग त्रिज्या दुप्पट करा. मिती २ असेल, तर बांधलेली जमीन चौपट होते. १.७९ असेल, तर साधारण साडेतीन पट; १.३२ असेल, तर अडीच पटच. मिती जितकी कमी, तितकी केंद्रापासून दूर जाताना मोकळी जमीन झपाट्याने वाढते.

ही जमीन कशाने भरली? १८०१ मध्ये लंडनची लोकसंख्या सुमारे १० लाख होती, १९०१ मध्ये उपनगरांसह सुमारे ६५ लाख. पण नुसत्या माणसांनी आकार ठरत नाही. १८३६ मध्ये लंडनमध्ये पहिली रेल्वे धावली, १८६३ मध्ये भुयारी रेल्वे आली. वस्ती आधी रुळांच्या कडेने लांब पसरली, मधली शेते नंतर भरली. हा सारा आकार कोणी एका हाताने आखलेला नव्हता, तरी तो बेशिस्तही नव्हता. याला भौतिकशास्त्रातून विलक्षण दुजोरा मिळतो. थॉमस विटेन आणि लेनर्ड सँडर यांनी १९८१ मध्ये एक साधे प्रारूप मांडले : कण स्वैर भटकतात आणि समूहाला जिथे स्पर्श होईल तिथेच चिकटतात. बाहेर आलेल्या फांद्यांना नवे कण आधी सापडतात, म्हणून फांद्या लांबतात आणि मधल्या खाचा रिकाम्या राहतात. सपाटीवर अशा समूहाची मिती सुमारे १.७१ येते. शहरातल्या अशा खाचा मला मोलाच्या वाटतात, कारण त्यांच्यामुळे दाट वस्तीलाही मोकळे रान जवळ राहते.

१९६२ साली लंडनची मिती १.७७ होती, म्हणजे किंचित उतरलेली. १९३८ च्या कायद्याने आणि १९५५ च्या सरकारी परिपत्रकाने बळ दिलेला, शहराभोवतीच्या बांधकामाला आळा घालणारा हरितपट्टा हे त्याचे एक कारण असावे, असे माझे मत आहे. पण वाढ थांबली नव्हती. १९४६ पासून स्टीव्हनेजसारखी नवी नगरे पट्ट्यापलीकडे उभी राहिली. तिकडून रोज रेल्वेने लंडनला ये-जा करणाऱ्यांचा प्रवास मितीच्या आकड्यात कुठेच येत नाही.